ओठांवर बोट

हॉलिवुडात खरं वय सांगणारी नाचरी पोरगी अजून जन्माला यायचीय, असं म्हणतात. व्हर्ना लिंडक्विस्ट तर त्याच्याही एक पाऊल पुढं गेली होती. तिनं नुसतं वय चोरलं नाही, अख्खा भूतकाळच गिळून टाकला. स्टुडिओच्या भरतीच्या खिडकीत उभी राहून ती छातीठोकपणे म्हणाली, "वय एकवीस. गेल्याच महिन्यात मिनेसोटाहून आले. सिनेमाच्या फरशीवर कधी पाय ठेवला नाही."

वय होतं एकोणतीस. आणि फरशीचं म्हणाल, तर बोलपट नवेनवे आले तेव्हापासून तिनं किती फरशा झिजवल्या होत्या ते तिच्या टाचांना विचारावं.

खोटं का बोलली? पोटासाठी बोलली, दुसरं काय! बोलपट आले तेव्हा स्टुडिओवाल्यांनी नाचगाण्यांचा असा रतीब घातला की लोकांना अजीर्ण झालं. शेवटी थेटरवाले दाराबाहेर पाट्या लावायला लागले की बाबांनो, या चित्रपटात कुणीही गात नाही, निर्धास्त आत या. झालं! नाचणाऱ्या पोरी रस्त्यावर आल्या. व्हर्ना लाँड्रीत लोकांच्या शर्टांना इस्त्री करायला लागली. तिची जिवाची मैत्रीण आयडा एका खानावळीत बशा उचलायला लागली. आणि तीनेक वर्षांनी लोकांना पुन्हा गाण्यांची भूक लागली, तेव्हा स्टुडिओवाल्यांच्या डोक्यात काय आलं? की सगळं नवं पाहिजे.

"जुन्या पोरींना दारात उभं करू नका," नृत्यदिग्दर्शक ऑटो हॅन्शॉ यांनी भरतीवाल्यांना बजावलं होतं. "त्यांचे चेहरे बघून लोकांना मागचा कंटाळा आठवतो."

म्हणून व्हर्नानं केस पिवळेधमक करून घेतले, भुवया कोरल्या आणि एकवीस वर्षांची झाली. खोलीत सोबत राहणारी इनेझ मात्र फसली नाही. ती टेक्सासची, खरोखरच कोवळी आणि जिभेला हाड नसलेली.

"एकवीस वर्षांच्या पोरीचे गुडघे सकाळी असे कुरकुरत नाहीत गं," ती कॉफी ओतता ओतता म्हणायची.

"मिनेसोटात थंडी असते. लहानपणीच आखडतात."

"आणि लहानपणीच सुरकुत्या पडतात?"

"तोंड बंद कर नाहीतर कॉफी डोक्यावर ओतीन," व्हर्ना म्हणायची. पण इनेझनं ही गोष्ट कुणाजवळ फोडली नाही, हे तिचं मोठेपण.

आता हॅन्शॉसाहेबांच्या गाण्याची गोष्ट. माणूस तापट, आडमुठा, पण डोक्यात एक वेड होतं. त्यांना पोरींचं कमळ करायचं होतं. आरशासारखी काळी चकचकीत फरशी, मधोमध फिरता चौथरा, त्यावर पांढऱ्या पिसांचे पंखे घेतलेल्या पोरी. वरून बघितलं की पाण्यावर कमळ उमलावं, मिटावं, पुन्हा उमलावं. त्यासाठी त्यांनी स्टुडिओच्या छताला भोक पाडलं आणि कॅमेरा तिथं नेऊन बसवला. हुकूम एकच होता. कमळ मिटलं की सगळ्यांनी माना खाली घालायच्या. डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्या तेवढ्या दिसल्या पाहिजेत.

"कमळाला चेहरा नसतो!" ते ओरडायचे. "मला कुणाचं नाक दिसता कामा नये!"

दुसरीही एक नवलाई होती. गाणं आधीच तबकडीवर भरून ठेवलेलं. ते मोठ्या कर्ण्यांतून वाजवायचं आणि पोरींनी त्यावर नाचायचं. नाचताना आवाज भरला जातच नव्हता. शेजारी गाढव आणून ओरडवलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

आणि व्हर्नाच्या वेळी? तेव्हा गाणं, नाच, बँड, सगळं एकाच दमात भरायचं. कॅमेराच इतका घरघरायचा की त्याला आणि बिचाऱ्या कॅमेरावाल्याला गाद्या ठोकलेल्या पेटीत कोंडून ठेवायचे. तो बाहेर यायचा तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायचा. लाल दिवा लागला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एकीला ठसका लागला म्हणून तिची नोकरी गेली. दुसरीच्या गळ्यातले मणी वाजले म्हणून तिची गेली. व्हर्ना शिंक आतल्या आत गिळायला शिकली होती. कुणी कुजबुजलं की पोरीच एकमेकींना दटावायच्या, कारण एकीची चूक सगळ्यांच्या पोटावर यायची.

आता तो काळ गेला, हे व्हर्नाला माहीत होतं. पण डोक्याला जे कळतं ते हाडांना कळायला वेळ लागतो.

प्रत्यक्ष चित्रण सुरू झालं. तालमीत हॅन्शॉसाहेब खाली पियानोजवळ असायचे. त्या दिवशी ते वर छतात, कॅमेऱ्याशेजारी पालथे पडले होते, हातात कर्णा घेऊन. लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं. कमळ उमललं, फिरलं, मिटायला लागलं. व्हर्ना अगदी मधोमध होती. सगळं कसं सुरेख जमून आलं होतं, आणि तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज आला:

"डावीकडे! अगं डावीकडे सरका, म्हशींनो!"

व्हर्नाचं काळीज लक्कन हललं. लाल दिवा चालू आहे आणि कोण मेला बोलतोय? तिनं मान वर केली, डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि थेट छताकडे बघून म्हणाली, "शूऽऽ!"

मग तिला कळलं की आपण कुणाला गप्प केलं. तिची मान पिसांत अशी खाली गेली की परत वर येईल की नाही याची शंका वाटावी.

पुन्हा चित्रण करायचं तर चौथऱ्याच्या मोटारीतून धूर निघाला. दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्या चित्रपटाचा तुरुंग उभा राहायचा होता, त्यामुळं सगळं मोडायलाच घेतलं. आणि अख्खं कमळ एकाच सलग दमात चित्रित झालेलं. मधला तुकडा काढायचा म्हणजे कमळच काढायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅन्शॉसाहेबांनी तिला बोलावलं.

"काल शू कुणाला केलंस?"

"तुम्हाला, साहेब. चुकून झालं."

"मिनेसोटात साहेबाला असंच गप्प करतात का?"

"नाही, साहेब."

"ही सवय महिन्याभरात लागत नाही, पोरी. पेटीतल्या कॅमेऱ्याच्या काळातली आहेस तू. वय किती?"

"एकवीस."

"पुन्हा सांग."

खरं सांगितलं तर आत्ताच दार दाखवतील, खोटं सांगितलं तर निदान... "एकवीस," ती म्हणाली.

"घरी जा," हॅन्शॉ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "निर्माते ट्रास्कसाहेब म्हणतात, गुरुवारी पोमोना गावच्या थेटरात लोकांना गुपचूप दाखवू. लोक हसले तर अख्खं गाणं कचऱ्यात. माझी वर्षभराची मेहनत तुझ्या एका बोटापायी जाणार."

व्हर्ना खोलीवर येऊन ढसाढसा रडली. नोकरीचं दुःख होतंच. पण ते कमळ खरंच सुंदर होतं आणि आपण ते नासवलं, याची तिला जास्त लाज वाटत होती. लाँड्रीत पुन्हा जागा आहे का, हेही तिनं त्याच दिवशी विचारून ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी इनेझ टोपी घालून तयार. "चल पोमोनाला."

"स्वतःची मयत बघायला जाऊ का मी?"

"दुसऱ्यांच्या मयतीला एवढी नटूनथटून जातेस, मग आपल्याच वेळी का अंग चोरतेस? ऊठ!"

लाल ट्रामनं दोघी पोमोनाला पोचल्या. थेटर संत्र्यांच्या बागांतल्या माणसांनी भरलेलं होतं. पेट्या भरणाऱ्या बाया, घामेजले गडी, मांडीवर पोरं, हातात शेंगदाणे. घोडेस्वारांचा चित्रपट बघायला आलेले लोक ते, हा दुसरा चित्रपट त्यांना आगाऊ न सांगता दाखवलेला. दोन रांगा पुढं हॅन्शॉसाहेब नखं कुरतडत बसले होते. व्हर्ना खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितकी सरकली.

गाणं आलं. काळ्या पाण्यावर पांढरं काहीतरी हललं. "पिसं आहेत," मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला. मग ते उमललं. "अहो, पिसं कसली, पोरी आहेत पोरी!" त्याची बायको ओरडली. सगळीकडून आवाज यायला लागले. बघ, बघ, आता मिटतंय! अरे, हे करतात तरी कसं? एक पोरगं खुर्चीवर उभं राहिलं. व्हर्ना स्वतः पहिल्यांदाच ते वरून बघत होती, आणि एक क्षण ती आपली भीती विसरली. हे आपण केलं? लाँड्रीच्या वाफेत गुडघे सुजवून घेतलेल्या आपण?

आणि मग कमळाच्या पोटातून एक चिमुकला चेहरा वर आला. डोळे वटारलेले, ओठांवर बोट. थेट लोकांकडे बघत.

अख्खं थेटर चिडीचूप झालं. शेंगदाणे चावणारी तोंडं थांबली. म्हातारा अर्ध्या वाक्यात गप्प झाला. शाळेत मास्तरीण आल्यावर वर्ग जसा बसतो, तसे ते सगळे हातावर हात ठेवून बसले.

मग चेहरा पाकळ्यांत बुडाला, आणि हसण्याचा असा स्फोट झाला की छत हादरलं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, पाय आपटत होते. गाणं ऐकूच येईना.

हसले! व्हर्नाला तेवढंच ऐकू आलं. लोक हसले म्हणजे गाणं कचऱ्यात. ती तोंडावर रुमाल धरून बाहेर धावली आणि तिकीटखिडकीजवळच्या बाकावर कोसळली. इनेझ मागोमाग आली, तिच्या मागं हॅन्शॉसाहेब, आणि सगळ्यांत शेवटी डोळे पुसत पुसत ट्रास्कसाहेब. तेही रडत होते की काय, असं व्हर्नाला वाटलं.

"ऑटो," ट्रास्क कसेबसे म्हणाले, "लोक चित्रपट पुढं सरकू देत नाहीयेत. ते रीळ पुन्हा लावायला सांगितलंय. कोण रे ती पोरगी? मला प्रत्येक गाण्यात हवी ती!"

आतून पुन्हा तेच सूर ऐकू यायला लागले, आणि पुन्हा तीच शांतता, आणि पुन्हा तोच हसण्याचा लोंढा.

हॅन्शॉसाहेब व्हर्नाशेजारी बाकावर बसले.

"मी म्हणत होतो कमळाला चेहरा नसतो," ते म्हणाले. "गाढव मी. हे लोक मघापासून त्या फुलात माणूस शोधत होते." मग त्यांनी घसा खाकरला. "शेवटचं विचारतो. वय किती?"

व्हर्नानं रुमाल खाली घेतला. "एकोणतीस. ऑक्टोबरात तिशी लागेल. पेटीतल्या कॅमेऱ्यासमोर मी दोन वर्षं नाचले, साहेब, आणि माझ्यामुळं एकदाही चित्रण थांबलं नाही. एकदासुद्धा नाही!"

"दिसलंच ते. तुझ्यासारख्या आणखी आहेत?"

"आहेत की! कुणी बशा उचलतंय, कुणी टोप्या विकतंय."

"सोमवारी सकाळी घेऊन ये. जमतील तितक्या."

समोरच्या औषधाच्या दुकानात टेलिफोन होता. व्हर्ना रस्ता ओलांडताना मोटारीखाली यायची वाचली, इनेझनं तिला कोपर धरून ओढली. खानावळीच्या मालकानं तीनदा कोण म्हणून विचारल्यावर एकदाची आयडा फोनवर आली. मागं बशांचा खणखणाट चालू होता. व्हर्ना हसत होती, रडत होती, आणि एका वाक्याचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. तरी आयडाला मुद्दा कळला.

पलीकडे बशा आपटणं थांबलं.

"सोमवारी येते," आयडा हळूच म्हणाली. "पण व्हर्ना, या खेपेला वय किती सांगायचं गं?"

"आहे तेवढं सांग," व्हर्ना म्हणाली.