उजव्या अंगाचा हक्क

पंडितनं ते वाक्य कितीतरी दिवस घोकलं होतं. वस्तीत इंग्रजी शिकलेला तोच एकटा. नामांतराच्या दंगलीत घरं जळाली, तेव्हापासून सगळ्यांची मदार त्याच्यावर. अन् आता पोर्तुगालची एक बाई जळक्या घरांसाठी छपराचे पत्रे घेऊन येणार होती. बाईला पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं. जीप हाकणारा दुभाषी तिच्याच देशाचा, त्याला इंग्रजी येतं म्हणे.

ताडकळसकडून जीप आली अन् पंडित वस्तीतल्या लोकांसोबत उभा होता त्या फाट्यावर थांबली. मागं पत्र्यांची ट्रॉली. डावीकडं जळकी वस्ती, उजवीकडं गाव अन् सरपंच माणिकरावांचं घर. दुभाष्यानं मुंडकं बाहेर काढून इंग्रजीत विचारलं, काय पाहिजे, कुठं न्यायचं? पंडितच्या अंगात वारं शिरलं. नुसते पत्रे मागायला तो काय भिकारी होता? मूठ उगारून त्यानं ठोकून दिलं, "वुई वाँट अवर राइट!" आम्हाला आमचा हक्क पाहिजे.

दुभाष्यानं मान डोलावली. बाईला म्हणाला, "दिरेइता." अन् जीप उजवीकडं वळली.

लोक बोंबलत मागं पळाले, ते माणिकरावांच्या फाटकाशी थबकले. आत जायची त्यांना सोय नव्हती. आत हारतुरे झाले, जेवणं झाली, पत्रे गोठ्यामागं उतरले.

"वाटतो की समद्यायला," माणिकराव म्हणाले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

निघताना दुभाषी पंडितला पाहून हसला. "तूच ना रस्ता दाखवलास, उजवीकडं म्हणून?"

"बाजू नाही, साहेब! कायद्यातला राइट!"

दुभाष्याचा चेहरा उतरला. त्यांच्याकडं हक्क म्हणजे दिरेइतु अन् उजवी बाजू म्हणजे दिरेइता. फरक एका शेवटच्या अक्षराचा. त्यानं पंडितची माफी मागितली, बाईला मात्र चकार शब्द सांगितला नाही, अन् जीप चालू केली. पंडितला स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली.

"काय म्हनायलाय रं त्यो?" त्याच्या आईनं, दगडाबाईनं विचारलं.

"माय, विंग्रजीत हक्काला अन् उजव्या अंगाला एकच शब्द हाय. त्यानं घोळ झाला."

दगडाबाई गोठ्यामागच्या पत्र्यांकडं बघत राहिली.

"घोळ कशाचा? बरूबरच हाय की," ती म्हणाली. "आपल्यावानी लोकं त्यायच्या मुलखात बी डाव्या अंगालाच ऱ्हात आसतील."