चष्म्यातलं मरण

डॉ. महेश्वरीला भीती म्हणून ठाऊक नाही, असं जुळे सोलापुरातल्या त्या दवाखान्यात सगळे म्हणायचे. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला घास जात नसे, हे तिचं तिलाच माहीत. म्हणून तर व्हीआरचा चष्मा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. पेशंटच्या स्कॅनवरून संगणक त्याचं पोट जसंच्या तसं उभं करायचा. चष्मा चढवायचा आणि उद्याचं ऑपरेशन आज करून बघायचं. चुकलं तर रक्त यायचं, पण ते कुणाचं नसायचं.

सावित्रम्मांचं ऑपरेशन तिने असं आठवडाभर केलं होतं. अक्कलकोटकडच्या या अज्जींच्या उजव्या मूत्रपिंडात गाठ होती, ते मूत्रपिंडच काढायचं होतं. अवघड जागा एकच. मूत्रपिंडाची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते तिथे चिमटा लावायचा आणि ती कापायची. चष्म्यात ती शीर अगदी मोकळी दिसे. महेश्वरीचा हात आता न बघताही बरोबर तिथे जायचा.

आदल्या दिवशी दुपारी ती वॉर्डात गेली. अज्जी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. पूजेसाठी त्यांनी हात घातला तो कमरेला, आणि परकराच्या नाडीला बांधलेली इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, करडगी, सोडवली. महेश्वरी लिंगायत घरातलीच. तिच्या आईची करडगी गळ्यातून कधी हललेली तिने पाहिली नव्हती. तिला हसू आलं.

"अज्जी, कमरेला कधीपासून?"

"स्कॅनला नेलं की, तवापासनं. त्यो पोरगा म्हणला, गळ्यातलं काढा. काढलं. अंगावरचं काढा आसं कुटं म्हणला? अंगावरनं उतरलं तर जीव ऱ्हातोय व्हय?"

"म्हणजे मशीनमध्ये जाताना ती कमरेला होती?"

"व्हय. गाऊनच्या आत. कुणाला दिसली न्हाय."

स्कॅनमध्ये धातू आला की त्याच्याभोवती काळे-पांढरे पट्टे उठतात आणि शेजारचं काही दिसत नाही. ती जवळजवळ पळतच संगणकाकडे गेली आणि मूळ चित्रं उघडली. पट्टे होतेच, नेमके त्या शिरेवर. संगणक मोठा टापटिपीचा. त्याने पट्टे पुसले आणि रिकाम्या जागी आपल्या मनाने एक छानशी शीर काढून ठेवली. आणि आमच्या बाईसाहेबांनी मूळ चित्रं बघायचे कष्ट न घेता त्या मनच्या शिरेवर आठवडाभर हात बसवला. तिला स्वतःचा भयंकर राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती.

स्कॅन पुन्हा करायला हवा होता. अज्जी ऐकेनात.

"काढणार न्हाय. मरायचंच आसंल तर अंगावर घिऊन मरीन."

महेश्वरीला पूजेला बसलेली आई आठवली. डावा तळहात पुढे, त्यावर इष्टलिंग, नजर त्यावरच.

"काढू नका अज्जी. डाव्या तळहातावर घ्या आणि मूठ मिटा. पोटाच्या स्कॅनला हात डोक्याच्या वरच धरायचे असतात, तिथवर मशीन बघत नाही."

अज्जींनी मूठ मिटून बघितली. "ह्ये बरं सांगितलंस, पोरी."

नव्या स्कॅनमध्ये शीर मोकळी नव्हती. गाठीचा एक शेंडा आतून सरपटत मोठ्या शिरेच्या तोंडापर्यंत आला होता. ठरल्या जागी चिमटा लागला असता तर तो तुटून फुप्फुसात गेला असता आणि अज्जी टेबलावरच संपल्या असत्या.

तिने नवा स्कॅन भरून चष्मा चढवला. आता सगळं माहीत होतं. आधी मोठी शीर आवळायची, शेंडा सावकाश बाहेर घ्यायचा, जुन्या जागेला हातही लावायचा नाही. तिने हे स्वतःला मोठ्याने सांगितलं. तरी हात आपला आपण जुन्या जागी गेला. चिमटा मिटला, शेंडा तुटला, कोपऱ्यातली हृदयाची रेघ आडवी झाली. महेश्वरीने चष्मा ओरबाडून काढला आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. हातांना काही लागलं नव्हतं, तरी ती धूत राहिली. तिला स्वतःच्या हाताची भीती वाटत होती.

संध्याकाळी तिने अज्जींना सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"उद्या ऑपरेशन नको, अज्जी. माझ्या हाताला चुकीची सवय लागलीय. तुम्हाला पुण्याच्या डॉक्टरांकडे पाठवू का?"

अज्जींनी तिच्या हातांकडे पाहिलं. करडगी आता त्यांच्या गळ्यात होती.

"त्या चष्म्यात मी मेले व्हय?"

"हो. माझ्या हातानं."

"दुकलं का मला?"

"नाही. तिथे दुखत नाही."

"मग तितंच मार मला," अज्जी म्हणाल्या. "पुण्याला माजं कोण हाय? जितक्या येळा मरायचं तितक्या येळा तितं मरते. तितलं मरण सरलं की मग ने मला आत."

महेश्वरीने अज्जींच्या पायांना हात लावला आणि पुन्हा संगणकाच्या खोलीत गेली. चष्मा चढवला. समोर अज्जींचं उघडं पोट होतं. तिने हात पुढे केला, तो पुन्हा जुन्या जागेकडेच निघाला होता.