चटका न बसणारं औषध

या, जरा पुढं सरका. मांडवाच्या कडेला बसून गोष्ट पोचत नाही. कीर्तनाचे बुवा चहा पिऊन येईपर्यंत मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आहे देवाच्या दारातलीच, पण तिच्यात विजेवर चालणारं एक यंत्र आहे आणि एक हट्टी म्हातारा आहे.

म्हस्कू आबा आमच्या कवठे येमाईचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, मग विहिरीवर मोटर बसली आणि माणूस शेतात रुजला. पाय थांबले, तेव्हा गुडघे बोलायला लागले. आबांनी इतके दिवस ते ऐकून घेतलं नव्हतं, कारण त्यांचा सगळा जीव अडकलेला होता सप्ताहातल्या दुपारच्या पहाऱ्यात.

सप्ताहात वीणा उभी असते, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. दुपारचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, कुणी मागून घेत नाही. जेवणावळ उठलेली, मांडव घोरतोय, ऐकायला कुत्रं नाही. आबा म्हणायचे, "तवाच तर गंमत हाय. देव आन् मी, दोघंच. मधी कोन लुडबुडत न्हाई."

त्या साली पहारा चालू असतानाच गुडघा वाकला. आबा खांबाला धरून सावरले, वीणेचा भोपळा मात्र जमिनीला लागता लागता राहिला. पहारे वाटून देणारे चांगदेव आप्पा धावत आले. वीणा काढून घेतली आणि चारचौघांत म्हणाले, "म्हस्कू, इणा म्हंजी कोकरू न्हवं, सुटलं तर पुन्यांदा धरायला. पुढल्या साली गुडघा धड असंल तर उभा ऱ्हा. न्हाईतर खाली बसून टाळ कुट."

आबा त्या रात्री जेवले नाहीत.

शिरूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून झीज दाखवली. म्हणाले, ऑपरेशन आज नाही केलं तरी चालेल, आधी दुखणं कमी करायचे बाकीचे उपाय करून बघा. आबांची लेक रुपाली दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. ती आईबापाला घेऊनच गेली. स्टेशनाच्या अलीकडं राबिया नावाच्या मुलीनं फिजिओथेरपीचं केंद्र काढलं होतं. दोन खाटा, एक पंखा आणि ते चुंबकाचं यंत्र.

राबियानं आधी विचारून घेतलं, "आबा, छातीत काही बसवलंय का? पेसमेकर वगैरे?"

"छातीत इठ्ठल बसवलाय. चालंल का?"

"ते चालतील. कमरेचा चांदीचा करदोटा तेवढा काढून ठेवा. तुळशीची माळ राहू द्या."

प्लास्टिकचं एक जाडजूड कडं तिनं गुडघ्याभोवती सरकवलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आबा वाट बघत पडून राहिले. सुई नाही, शेक नाही, मुंग्यासुद्धा नाहीत.

"पोरी, लाईट गेली काय गं?"

"चालू आहे, आबा. विजेमुळं या कड्यात चुंबकाची ओढ तयार होते. ती आत जाते, पण जाणवत नाही."

"मंग कळायचं कसं, काम करतंय म्हनून?"

"दुखणं थोडं कमी झालं तर कळेल. खोटं सांगत नाही, झीज यानं भरून येत नाही. कुणाला आराम पडतो, कुणाला नाही. पण मांडीचा व्यायाम रोज करायचा, तो कुणाला चुकला नाही."

गिताबाई, म्हणजे आबांची मालकीण, शेजारी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "व्यायाम मी करून घेते. तुमी फक्त यंत्र सांभाळा."

रोज जाणं सुरू झालं. काही दिवसांनी आबांना सलग झोप लागायला लागली. रुपालीचा जिना ते कठड्याला न धरता उतरले. गिताबाईनं हे बघितलं, रुपालीनं बघितलं. आबांनी मात्र बघितलं नाही. त्यांच्या मनात एकच घोळत होतं, की जे भाजत नाही ते औषध कसलं? मेंढरू लंगडलं तर डाग द्यायचा, माणूस लंगडला तरी डाग द्यायचा. वाडवडिलांनी हेच केलं. हे कडं म्हणजे पोरीनं पायात घातलेलं खेळणं.

एक दिवस "बाजार बघून येतो" म्हणून निघाले ते वरवंडला गेले, मल्हारीकडं. मल्हारी त्यांचा मेंढरांमागचा जुना सोबती, डाग द्यायला हात बसलेला. त्यानं सळई चुलीत तांबडी केली आणि गुडघ्याच्या दोन्ही अंगाला टेकवली. आबांनी हूं की चूं केलं नाही. उलट खूश झाले. आता कसं, कळतंय!

दुसऱ्या दिवशी फोड आले, तिसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला. धोतर घोट्यापर्यंत ओढून आबा केंद्रातल्या खाटेवर पडले. राबियानं धोतर वर सारलं आणि डाग उघडे पडले.

गिताबाई कडाडली, "कुनी केलं हे? त्या मल्हाऱ्यानं? आन् तुमी दिला पाय?"

"अगं, त्या यंत्राचं काय कळतच न्हवतं..."

"एवढी वर्सं देवाचं नाव घेताय. कवा चटका बसला का तुमाला? मंग त्ये बी खोटं का?"

आबांनी धोतर पुन्हा खाली ओढायला हात घातला.

राबिया रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती कोमट पाणी घेऊन आली आणि जखम पुसत बसली. म्हणाली, "माझ्या आजोबांच्या पोटावर असेच डाग होते, आबा. त्यांना बरं वाटायचं. रडायचो ते आम्ही." मग जरा दटावून, "जखम भरेपर्यंत कडं नाही. आज दवाखान्यात जाऊन पट्टी करून घ्यायची. आणि सप्ताहाला किती अवकाश आहे ते मला सांगा."

आबांना विचारवत नव्हतं, तरी विचारलं. "उभा ऱ्हाईन का गं?"

"पूर्ण वेळ नाही राहणार. थोडा वेळ राहाल, पण गुडघा काय म्हणतो ते ऐकलंत तर."

जखम भरायला महिना गेला. मग पुन्हा ते कडं, पुन्हा मांडीचा व्यायाम. या वेळी आबा डोळे मिटून पडायचे आणि ओठांतल्या ओठांत नाम घ्यायचे. यंत्राचा गुण किती, व्यायामाचा किती, हे राबियानंही कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण सप्ताह बसला तेव्हा आबा काठी न घेता मांडवात आले. आप्पांनी त्यांना चार पावलं चालवून बघितलं आणि नाइलाजानं म्हणाले, "घे. पर जपून."

दुपार झाली. मांडव घोरायला लागला. आबा वीणा घेऊन उभे राहिले, गात राहिले. पहारा निम्म्यावर आला आणि गुडघ्यात पहिली कळ उठली. पूर्वीचे आबा असते तर दात खाऊन उभे राहिले असते, आणि वीणेसकट पडले असते. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. जागं कुणीच नव्हतं. होती फक्त गिताबाई, समईशेजारी वाती वळत बसलेली.

"अगं, ए," आबा म्हणाले, "ये हिकडं. धर."

"मी?"

"गुडघा बोलतोय. लौकर ये."

आमच्या गावात तोवर बाईनं वीणा घेतली नव्हती. गिताबाईनं हात धुतले, पदर खोचला, आणि आबांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. तिचा आवाज पहिल्यांदा थरथरला, मग लागला.

त्या नव्या आवाजानं आप्पा जागे झाले. उठून बसले. बघतात तर बाई वीणेवर, आणि आबा खाली मांडी न घालता, पाय पसरून टाळ वाजवताहेत. आप्पांचं तोंड उघडलं. पण नाम चालू होतं, आणि चालू नामात बोलायचं नाही हा त्यांचाच नेम.  मग हात लांब करून त्यांनी दुसरी टाळजोडी ओढून घेतली.

पुढची सात-आठ वर्षं तो पहारा दोघांनी मिळून केला. आता दोघंही नाहीत. राबिया आहे, दौंडलाच आहे. तिच्या दारात कुणी वीणा वाजवत नाही, पण आबा वीणेला उभे राहिले त्यात तिचाही हात आहे.

बुवा आले बघा. गजर सुरू होईल. तुम्ही हात जोडाल तेव्हा एवढं करा, देवाचं एक नाव त्या पोरीसाठीही घ्या. तिची आठवण ठेवा.