देण्याघेण्याचा कप्पा

मी एक जुना कप्पा आहे. मित्रांनो, कपाटाचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल. कप्प्याला मात्र कोणी विचारत नाही. कपाट म्हणजे बाहेरचा पत्रा, रंग आणि आरसा. लोक त्यात भांग पाडतात आणि कपाटाचं कौतुक करतात. ओझं वाहतो तो कप्पा. हा माझा पहिला राग. पुढे आणखी आहेत, तेव्हा जरा सवडीने बसा.

माझा जन्म आंबिवलीच्या एका शेडमधला. पत्रा कापला, चारी कडा वाकवल्या, राखाडी रंगाचा फवारा मारला आणि मला एका लोखंडी कपाटात वरून तिसरा म्हणून बसवलं. साल होतं १९८२. त्या दिवाळीला डोंबिवलीच्या अण्णांनी बोनस मिळाल्याबरोबर आम्हाला घरी नेलं. अण्णा माजिवड्याच्या एका कंपनीत फिटर होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले आम्हाला दोन हमालांनी चढवलं आणि बाकीच्या बिऱ्हाडांनी दारात उभं राहून, कपाट कसं चढवायचं नाही, ते सांगितलं.

अण्णांच्या बायकोने, म्हणजे सगुणाबाईंनी, दाराला हळदकुंकू लावलं आणि माझ्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आता माझ्यावर कोणाचे तरी कपडे येणार. रोज काढले जाणार, रोज ठेवले जाणार. कप्प्याला आयुष्यात दुसरं काय हवं असतं?

घरात तिसरं माणूस होतं ते तेरा वर्षांची कुंदा. माझ्या मनात आलं, मी हिचाच. पण कुंदाचे कपडे खाटेखालच्या ट्रंकेत असत आणि ते तिथेच राहिले. "पोरीच्या जातीला कशाला हवा कप्पा? आज ना उद्या जायचीच आहे," सगुणाबाई म्हणाल्या. कुंदा शेजारीच उभी होती. तिने आरशात बघून जीभ बाहेर काढली. आईला की कपाटाला, ते मला आतून दिसलं नाही.

सगुणाबाई कशातलं काहीही टाकत नसत. सगळ्यात वर गोधड्या. त्याखाली आठवणींचा कप्पा : कुंदाची बारशाची कुंची, सासऱ्यांचा पटका, आईचं विरलेलं लुगडं, अण्णांचा लग्नातला कोट आणि एका बाहीचा स्वेटर, ज्याची दुसरी बाही विणायच्या आत थंडी संपली होती. त्याखाली मी. माझ्याखाली त्यांच्या साड्या, आणि एका कोपऱ्यात अण्णांचे शर्ट.

"अहो, तुमचे शर्ट जरा सरकवा ना."

"तीनच आहेत. आणखी सरकवले तर अंगावरच राहतील."

आणि मी कोण? मी देण्याघेण्याचा कप्पा. ब्लाउजपीस, शर्टपीस, न आवडलेल्या साड्या. जे आपण वापरायचं नाही, टाकायचं नाही, कोणीतरी दिलं म्हणून घ्यायचं आणि कोणालातरी द्यायचं म्हणून ठेवायचं, ते सगळं माझ्यावर. एक आंबा रंगाचा ब्लाउजपीस डोंबिवलीहून कल्याणला गेला, कल्याणहून ठाण्याला, आणि लग्नाच्या एका मोसमात पुन्हा माझ्यावर येऊन बसला. त्याला कात्री कधी लागली नाही. एकदा तर कळव्याच्या हौसाबाईंना, अण्णांच्या थोरल्या बहिणीला, त्यांनीच दिलेला ब्लाउजपीस परत गेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"अगं सगुणा, कळव्याचा माल कळव्यालाच आला की! एवढा प्रवासखर्च कशाला केलास?"

दर दसऱ्याआधी सगुणाबाई कपाट आवरायला काढत. आवरणं म्हणजे सगळं खाटेवर ओतायचं, एकेक वस्तू हातात घ्यायची, तिची गोष्ट सांगायची, डोळे पुसायचे आणि नवा कागद घालून ती होती तिथे ठेवायची. जेवणाला उशीर होई. संध्याकाळी त्या शेजारणीला सांगत, "यंदा बरंच काढलं बाई." काढलेलं असे हे खरं. परत ठेवलेलं मात्र सांगत नसत.

१९९० साली कुंदाचं लग्न झालं. कल्याणला दिली. ट्रंक तिच्याबरोबर गेली आणि लग्नात आलेले चाळीसेक ब्लाउजपीस माझ्यावर आले. माझी कड तेव्हाच वाकली.

आता ओटीविषयी सांगतो. माहेरी आलेली लेक सासरी निघाली की आई तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस घालते. लेक वाकून नमस्कार करते आणि उंबरा ओलांडते. यात माया नसते असं मी म्हणणार नाही. पण दार दाखवण्याची इतकी सुंदर रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा, मे महिन्यात, कुंदा अचानक आली. मला माणसांतलं फार कळत नाही, कापडातलं कळतं. घामाने भिंतींचा रंग सुटत होता आणि पोरीच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"नवीन फॅशन का गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हो."

संपलं. अण्णांनी पंखा वाढवला. दुसऱ्या दिवशी माझ्यावरून एक हिरवा ब्लाउजपीस उचलला गेला आणि कुंदा कल्याणला गेली. गणपतीनंतर ती पुन्हा आली, पुन्हा ओटी भरली गेली. संक्रांतीला पुन्हा तेच. तिन्ही वेळा कापड माझ्यावरून गेलं, मित्रांनो. मला कोणी विचारलं असतं तर मी दिलं नसतं.

चौथ्यांदा ती जूनमध्ये आली, हातात कपड्यांनी फुगलेली बॅग घेऊन. संध्याकाळी सगुणाबाईंनी सवयीने कपाट उघडलं आणि माझ्याकडे हात घातला. मागून कुंदा म्हणाली, "आई, ओटी भरू नकोस. मी परत जाणार नाहीये."

सगुणाबाईंचा हात माझ्यावर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "बरं बरं. राहा चार दिवस."

बॅग खाटेखाली सरकवली गेली, पूर्वी ट्रंक असायची तिथेच. चार दिवस गेले, चार आठवडे गेले, पावसाळा अर्धा उलटला. बॅग रिकामी झाली नाही. "चार दिवसांची पाहुणी, कपडे काढून कशाला पसारा करायचा?" असं सगुणाबाई म्हणत. कुंदाने स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर नोकरी धरली. रोज सकाळी ती खाटेखाली वाकायची आणि बॅगेतून चुरगळलेला ड्रेस ओढून काढायची.

"जरा इस्त्री करून जात जा गं. लोक काय म्हणतील?"

"बूथवाला म्हणतोच. कुंदाताई, तुम्ही रोज गावाहून येता काय?"

"मग कर ना इस्त्री!"

"केली असती. करून ठेवू कुठे?"

सगुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी दाराआड, कडक घडीचे चाळीस ब्लाउजपीस छातीवर घेऊन पडून होतो. जे लोक या घरात राहत नव्हते त्यांच्यासाठी डांबरगोळ्या घालून जागा राखलेली, आणि जी राहत होती तिचे कपडे खाटेखाली, चपलांच्या शेजारी. रागाने पत्रा तापत असता तर त्या दिवशी सगळं कापड जळलं असतं.

श्रावणात हौसाबाई कळव्याहून आल्या. चहा यायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"किती दिवस आहे गं कुंदा?"

"आलीय आपली आरामाला," सगुणाबाई म्हणाल्या.

"नोकरी करून आराम?"

"तिला बसवत नाही नुसतं."

हौसाबाईंनी मान वाकवून खाटेखाली पाहिलं. "बॅग भरलेलीच दिसते."

"तर काय! कधीही निघेल."

कुंदा आत चहा गाळत होती. एक कप जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. फुटला नाही. त्या घरात काहीच फुटत नसे, तोच तर त्रास होता.

मग दसरा जवळ आला आणि सगुणाबाईंनी कपाट आवरायला काढलं. कुंदाची दुपारची पाळी होती, म्हणून ती मदतीला बसली. माझ्यावर त्या वर्षी नव्याने आलेलं एक मोठं कापड होतं. दिवाळीत जावई कुंदाला न्यायला येतील, असं सगुणाबाईंनी मनाशी ठरवलं होतं आणि त्यांच्यासाठी सफारीचं कापड आणून ठेवलं होतं. ते त्यांनी हलक्या हाताने उचलून बाजूला ठेवलं. मग आठवणींचा कप्पा सुरू झाला.

"ही तुझी कुंची. बारशाला काय रडली होतीस! अण्णांनी गॅलरीत नेऊन फिरवलं, तेव्हा गप्प झालीस."

कुंदा उठली. खाटेखालची बॅग ओढली आणि तळातून तो लांब बाह्यांचा ब्लाउज काढून कुंचीच्या शेजारी ठेवला.

"हापण ठेव, आई."

"हा कशाला? जुनाट झालाय. बोहारणीला टाकू."

"असं कसं? आठवण आहे. तू ठेवतेस ना आठवणी? बाही बघ. ती उसवली नाहीये, ओढलीय. संक्रांतीला मी हाच घालून आलेले. आणि तू मला नारळ दिलेलास."

अण्णा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही, पण पान उलटणंही थांबलं.

"अगं, पण जागा कुठाय..." सगुणाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"आहे की," कुंदा म्हणाली. "जे इथे राहत नाहीत त्यांना सगळ्यांना आहे." तिने चप्पल घातली आणि ती बूथवर गेली.

सगुणाबाई त्या ढिगात बसून राहिल्या. ब्लाउज हातात होता. त्या बाहीवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या. त्या दिवशी त्यांनी कोणतीच गोष्ट सांगितली नाही.

दुपारी खालून हाक आली, "ए भांडीऽऽय!" मनुबाई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलचं भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. सगुणाबाईंनी तिला वर बोलावलं आणि माझ्यावरचं होतं नव्हतं ते दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्यावर टाकलं. सफारीचं कापड तेवढं खाटेवर राहिलं होतं. ते अण्णांनी उचललं, बाहेर आणलं आणि ढिगावर ठेवलं.

मनुबाईने एकेक ब्लाउजपीस चाचपला. "बाई, ह्ये तर कोरं हाय. घडीसुदिक मोडली न्हाई. मागनं तुमी म्हनाल, मनुनं फसवलं."

"नाही म्हणणार."

"मग देता कशापायी? लगीन मोडलं का काय कुनाचं?"

ती चेष्टेनेच बोलली होती. पण जिन्यावरची दारं अर्धी उघडी होती, आणि त्या अर्ध्या उघड्या दारांना घाबरून तर चार महिने बॅग भरलेली ठेवली होती.

"हो," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज तिन्ही मजल्यांना पुरेल एवढा होता. "माझ्या कुंदाचं मोडलं. ती आता इथेच राहणार आहे. तू ते मोठं पातेलं दाखव."

मनुबाईने मुकाट्याने पातेलं पुढे केलं. सगुणाबाईंनी ते उन्हात धरून पाहिलं, बोटाने वाजवलं.

"आणि याचं झाकण?"

झाकण मिळालं. समोरचं एक दार हळूच लागलं.

लांब बाह्यांचा ब्लाउज त्यांनी दिला नाही. त्याची घडी घातली आणि तो वरच्या कप्प्यात ठेवला, कुंचीच्या शेजारी. मग ओल्या फडक्याने मला पुसलं, नवा कागद घातला आणि दार सताड उघडं ठेवलं.

कुंदा संध्याकाळी आली आणि कपाटापुढे उभी राहिली.

"हा माझा?"

"मग काय माझा? नीट घड्या घाल. कप्पा कसा ठेवायचा याची तुला सवयच नाही."

"कुठून असणार?"

"तेच म्हणतेय," सगुणाबाई म्हणाल्या आणि बॅगेची चेन उघडायला स्वतः खाली बसल्या.

तेव्हापासून माझ्यावर चुरगळलेल्या ओढण्या असतात, एखादा मोजा असतो, कधी फोनची डायरी. सगुणाबाई ओरडतात. ओरडू देत. राहता कप्पा असाच दिसतो.

आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. मला घासूपुसू नका, मित्रांनो, मला गंज चढला तरी चालेल. पण आज घरी जाऊन कपाट उघडा आणि घरात जेवणाऱ्या, झोपणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा आहे का ते बघा. कोणाला नसेल, तर त्याची जागा कोणासाठी राखलीय, ते विचारा. आणि मोठ्याने विचारा. हळू विचारलेलं कपड्यांत मुरून जातं. मी अकरा वर्षं तेच ऐकलंय.