मांजराने तोंड लावलं नाही

मांजराने डोळे मिचकावले, शेपटी हलवली, पण समोरच्या बांगड्याच्या डोक्याला तोंड लावलं नाही. लावणार कसं? पोटात सेल होते. पण सखुबाईला हे कोण सांगणार?

नातीने, रोशनीने, ते ऑनलाइन मागवलं होतं. आजीची स्मृती पार गेलेली, मांडीवर काहीतरी उबदार हवं म्हणून. आणि जादू झाली. गोराईच्या घराच्या ओट्यावर म्हातारी दिवसभर ते कुरवाळायची, ते घुरघुरायचं. मासे साफ करायला हात अजून विसरले नव्हते. पहिलं डोकं मांजराचं, हा तिचा जुना नेम.

मुलगा हरेश्वर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गावाची फिरकी घ्यायचा. नवरदेवाच्या बुटात जिवंत चिंबोरी सोडणारा माणूस. तो हा चान्स सोडतोय थोडाच.

"आये, मांजर पण तोंड लावत नाय. शिळी हाय तुझी मासळी."

चाळीस वर्षं बोरिवलीच्या बाजारात बसलेली बाई. कल्ला उचलून आतला ताजा लाल रंग दाखवल्याशिवाय तिने एक मासा विकला नव्हता. शिळी म्हणणाऱ्याच्या सात पिढ्या ती भर बाजारात उद्धरायची. हरेश्वरला तेच हवं होतं. आईची शिवी खाऊन वर्ष झालं होतं.

शिवी आली नाही. तिने कल्ला उचलला, बराच वेळ बघितला, बोटं हुंगली आणि डोकं गुपचूप पाटीखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती हरेश्वरचं नाव विसरली, जेवली की नाही ते विसरली. मासळी शिळी आहे, एवढंच विसरली नाही. ताटातला मासा बाजूला सारू लागली, घरात कुणाला खाऊ देईना.

तिसऱ्या दिवशी त्याने मांजरासमोरचं डोकं हळूच उचलून खिशात घातलं. म्हणाला, बघ, खाल्लं मांजराने. तिने मांजराच्या मिशांवरून बोट फिरवलं. कोरड्या. सगळ्या गावाने त्याच्या थापा पचवल्या होत्या. ही नाही पचली.

संध्याकाळी तो थेट होडीवरून पिशवीत पापलेट घेऊन आला. कल्ला उचलून, लालभडक, तिच्या डोळ्यांसमोर धरला. सखुबाईने मासा त्याच्या हातातून घेतला, पाटीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. मग त्याच्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"आज नको नेऊ, दादा. मासळी उतरलीय. उद्या ये, ताजी देते."

 

"येतो, मावशी," हरेश्वर म्हणाला, आणि रिकामी पिशवी घेऊन ओट्यावरून खाली उतरला.