सुताराची तिसरी होडी

घरून निघताना सुताराने बायकोला सांगितलं होतं, "दाराला कडी घालू नकोस, हा आलोच." त्यानंतर त्या दारातून किती कुत्री-मांजरं ये-जा करून गेली असतील, देव जाणे. कारण तो ज्या कप्तानाबरोबर आला तो निघाला होता सोन्याचा डोंगर शोधायला, आणि तो त्याला सापडलाही. डोंगर उजाडताना सोन्याचा असे आणि ऊन वर आलं की मुरमाचा होई. पण तोवर या दोघांना किनाऱ्यावर सोडून जहाज सोन्याची बातमी घेऊन पुढे गेलं होतं, आणि कप्तान काही तोंडातून सुटलेला शब्द गिळणारा गडी नव्हता.

मग काय, जहाजांची रीघच लागली. यायचं, किनाऱ्यावर माणसं ओतायची आणि वाऱ्याबरोबर पुढे चालू पडायचं. परतीचा वारा या किनाऱ्याला शिवतच नसे. घरी जाणारी जहाजं मिळायची वरच्या बंदरात, तिथवर जायला हवी होडी, आणि होडी बांधता येत होती एकट्या सुताराला.

पहिली होडी त्याने जीव ओतून बांधली. ती पाण्यात लोटणार, तोच एक जहाज आलं आणि त्याच्या मागोमाग पाऊस. उतरलेल्या माणसांनी होडी पालथी घातली आणि खाली शिरली. "सर थांबेपर्यंत हो, सुतारदादा!" सर थांबली तेव्हा आत चूल पेटली होती, बाजूच्या भिंती लिंपून झाल्या होत्या, आणि सुतार जाब विचारायला वाकून आत शिरला तर त्यालाच कुणीतरी म्हणालं, "पाय पुसून या हं."

दुसरीच्या फासळ्या बसवून झाल्या आणि सुईणबाई अवतरली. ही बाई उतरली तीच बाह्या सारून, आणि तिला बघूनच की काय, वस्तीतल्या बायका भराभर बाळंत होऊ लागल्या.

"सुतारदादा, पाळणे हवेत."

"लाकूड नाही."

"मग हे काय उभं केलंय?"

"ही माझी होडी आहे!"

"असू दे की. फासळ्या वाकड्याच आहेत, पाळण्याखाली लावल्या की पोर आपोआप डुलेल. अर्धं काम तर तुम्ही करूनच ठेवलंय."

त्या पाळण्यांत वाढलेली पोरं रांगायच्या आधी पोहायला लागली. त्यांचं कौतुक झालं, सुईणबाईचं झालं. सुताराला कुणी पाणीही विचारलं नाही.

तिसऱ्या होडीला मात्र त्याला एक मदतनीस मिळाली, खाडीपलीकडची म्हातारी. तिची माणसं या किनाऱ्यावर कधीपासून होती ते त्यांनाही आठवत नव्हतं. कप्तानाने त्यांना शोधून काढलं, असं तो सांगे. खरं तर ती हरवलीच नव्हती. म्हातारी रोज राळ आणि दोर आणून टाकायची.

"आजी, एवढा जीव कशाला आटवता माझ्यासाठी?"

"पाहुणे जाणार कधी, एवढं विचारण्यापुरती तुमची बोली शिकायला घेतली होती रे मी. आता तिच्यात मला स्वप्नं पडायला लागली. घे, आणखी दोर घे."

होडी तयार झाली. सुताराने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पहाटे खाली उतरला, तर सगळा किनारा माणसांनी भरलेला.

"निरोप द्यायला आलात?" म्हणत त्याने सगळ्यांना हात जोडले.

"निरोप कसला? सरका जरा," म्हणत सुईणबाईने आपलं गाठोडं होडीत टाकलं.

"तुम्हालाही जायचंय?"

"मग इथं काय हाडं ठेवायला आले होते? भाचीचं बाळंतपण उरकलं की निघणार होते. एकीचं झालं की दुसरीचं. कंबर मोडली माझी!"

एक नुसता बघायला आला होता. दुसरा, भावाचा राग शांत होईपर्यंत. एक तर झोपेत जहाजावर राहिला होता. मुक्कामाला म्हणून आलेला माणूस औषधालाही नव्हता. अन् मागे, टोपी डोळ्यांवर ओढून, कप्तान.

"मी शिस्त ठेवायला आलोय."

"बोचकं घेऊन?"

"सगळेच जाताय?" म्हातारी हरखून ओरडली. तिने खाडीपलीकडचा सगळा गोतावळा ढकलायला बोलावला. आत चढलेले उतरेनात, बाहेरचे चढायचे थांबेनात, आणि म्हातारीच्या माणसांनी मायेने खांदा लावला. कडाड! होडीचा कणाच मोडला.

"अरे, ती माझी होती! माझी!" सुतार गुडघाभर पाण्यात थयथयाट करत होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. जो तो दुसऱ्याला जाड्या म्हणत होता.

शेवटी कप्तान दगडावर चढला. "मोठं गलबत बांधू! सगळे मावतील असं!"

लोकांनी आरोळी ठोकली.

"एकट्याने?" सुतार किंचाळला. "लाकूडतोडे लागतील, लोहार लागतील, शिडं शिवणारे..."

"पुढच्या जहाजाबरोबर निरोप धाडतो. हवे तेवढे कारागीर मागवू. बायकापोरांसकट येतील."

म्हातारी मटकन वाळूत बसली.

"आणि ते राहणार कुठे?" सुताराने विचारलं, आणि विचारता विचारताच सगळ्या नजरा आपल्याकडे वळल्याचं त्याला दिसलं. त्याने करवत वाळूत भिरकावली, तिला एक लाथ घातली, पाय कापून घेतला, आणि चडफडत ती उचलायला वाकला.