जुन्या बॅटरीचं कातडं

म्हादूचं ऐकलं का न्हाई तुमी? वेल्ह्याच्या वरच्या धनगरवस्तीवरचा म्हादू रे! बायको सांगंल त्याला आधी न्हाई म्हणणार, अन् मग गुमान तेच करणार. बसा हितं, सांगतो.

त्याच्या घरी रेडिओ. थोरल्या भावानं पुण्याहून आणलेला. लाकडी पेटी, पुढं पिवळी जाळी, अन् मागं विटेएवढी बॅटरी. वस्तीवर वीज कुठली? सगळा जीव त्या बॅटरीत. अन् ती संपली कवा, तर नेमका बयाबाईला, म्हंजे म्हादूच्या बायकोला, निरोप आला तवाच. पुण्याच्या रेडिओवाल्यांनी तिच्या बापाच्या, गेनबाच्या ओव्या यंत्रावर घेतल्यात, शुक्रवारी सांजच्याला लागणार! गेनबा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, दोन वर्सं बापलेकीची गाठ न्हाई. बयाबाई नुसती त्या मुक्या पेटीवरची धूळ पदरानं पुसत बसली. म्हादूला ते बघवंना.

"दुप्पट मोठी बॅटरी आणतो," तो म्हणाला. "आबांचा आवाज तोरण्यावर गेला पायजे!"

"दारापतूर आला तरी बास हाय मला. जुनी संगं न्या, दुकानदाराला दावा."

"मेलेली बॅटरी कशाला मिरवू? म्या काय पहिल्यांदा बाजार करतोय व्हय?"

गेला नसरापूरला. दुकानदार आनंदराव विचारतोय, "रेडिओ कुठला तुमचा?"

"लाकडी."

"अहो, कुठल्या कंपनीचा? किती व्होल्टचा? खुट्या किती हायेत?"

"पिवळी जाळी हाय बघा त्याला!"

आनंदरावानं कपाळाला हात लावला. म्हादूला वाटलं, हा आपल्याला उगं घोळात घेतोय. त्यानं काय केलं, मेंढा निवडावा तशी एकेक बॅटरी उचलून वजन बघितलं, पाठीवर थाप मारली, अन् सगळ्यात जाडजूड होती ती काखेत मारली.

"बसली न्हाई तर परत आणा," आनंदराव मागून वरडला, "पर जबरीनं जोडू नका!"

आता बसंल का ती? रेडिओच्या वायरीला चार खुट्या, अन् बॅटरीला भोकं तीन. पेटीत तर मावंचना.  म्हादूनं कोयता घेतला. "खुट्या तोडतो अन् वायरी सरळ आत खुपसतो!"

बयाबाईनं पेटी वढून मांडीवर घेतली. "हात लावायचा न्हाई! एवढा जोर सोसला न्हाई अन् आतलं जळलं, तर आबा पुन्यांदा कुठनं ऐकू म्या?"

म्हादू कोयता ठेवून खाली बसला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "अवं, त्या भोरी मेंढीनं पोरकं कोकरू जवळ केलं न्हवतं, तवा काय केलंत तुमी?"

"काय म्हंजे? तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या अंगावर घातलं. वास वळखून तिनं पाजलं."

"अन् नुसतं गुबगुबीत दिसतंय म्हणून घेतलं असतं का तिनं?"

म्हादूला उमगलं. मग उठला, जुन्या बॅटरीवरचा पुठ्ठा सोलला, भोकांसकट, छापलेल्या आकड्यांसकट, अन् पटक्यात खोचला. लहान पोरासारखा खूश!

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं परत नसरापूर. आनंदरावानं मोठी बॅटरी गुमान परत घेतली, पुठ्ठा एकेका बॅटरीवर ठेवून बघितला. भोकाला भोक, आकड्याला आकडा. जुळली ती निघाली दुकानात सगळ्यात बारकी, जुनीएवढीच.

"एवढीशी?" म्हादूचं तोंडच उतरलं.

"तुमच्या पेटीला एवढाच जोर झेपतो, दादा. परवाची लावली असती तर आतलं जळून कोळसा झाला असता."

येताना एसटी घाटात बंद पडली. म्हादू राहिलेली चढण पळत आला, बॅटरी पोटाशी धरून. घरात आख्खी वस्ती जमलेली. बयाबाईनं खुट्या लावल्या. खुट! अशा बसल्या की बास. पेटी खरखरली, घसा साफ केल्यासारखी, अन् गेनबा गायला लागला!

आवाज बारीकच. सगळी पेटीवर वाकलेली. ओवी रंगात आली अन् म्हाताऱ्यानं मधीच, रानात मेंढरं बोलवायचा तशी, हाळी घातली, "हुर्रर्र... येऽ येऽ!"

अन् दाराम्होरच्या मेंढरांच्या वाड्यात गलका! गेनबानं लेकीला आंदण दिलेल्या मेंढ्या होत्या ना, त्या काटेरी कूड ढकलून भायेर! बें बें करत सरळ उंबऱ्याशी. जुन्या धन्याला हुडकत माना आत घालायला लागल्या. बयाबाई हसतीय अन् डोळं पुसतीय.

म्हादू ओशाळून म्हणाला, "तोरण्यावर काय गेला न्हाई आवाज."

"दारापतूर आला की," ती म्हणाली, अन् भोरीच्या कपाळावर हात ठेवला.

तवर एका मेंढीनं म्हादूच्या पटक्यात परत खोचलेला पुठ्ठा वढून चघळायला घेतला. म्हादूनं उडीच मारली, "आगं सोड! म्होरल्या बॅटरीचं कातडं हाय ते!"